चोविसावा हप्ता

माझं माहेर कबनूर, लिवून घ्या ताई, इचलकरंजीला चिकटून हाय बघा ते, आणि आमचं घर मागाच्या शेडला चिकटून, म्हंजे भिंतीच्या पलीकडं माग आणि अलीकडं आमी, दिवसभर खटक-खटक, खटक-खटक, त्यामुळं आमच्या घरात बारीक आवाजात कुणी बोलायचंच न्हाय, बोललं तरी ऐकू कुणाला येतंय. अजून बी मी बोलाय लागलो की लोकांना वाटतंय ही भांडाय लागली. हसालाय व्हय? बाई असून बोलतो-जातो म्हणतीया म्हणून? आमच्यात असंच हाय की. आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणत्यात. पुण्याला पोराकडं गेलतो तवा त्याची शेजारीण म्हणाली, मावशी तुम्ही पुरुषासारखं का बोलता, मी म्हटलो, पुरुषासारखं काम करतो म्हणून बोलतो.

आई माझी चार यत्ता शिकलेली, पण व्यवहाराला लई कडक. किराणा दुकानदाराला दर शनिवारी पैसे द्यायचं ठरलेलं, तर शनिवार म्हंजे शनिवार, अंगात ताप असला तरी पदर डोक्यावर घेऊन जाणार आणि देऊन येणार. मला म्हणायची, छाया, माणसाचं रूप जातं, पैसा जातो, शब्द तेवढा ऱ्हातो. ते माझ्या डोक्यात असं बसलंय की काय सांगू तुमाला, कुणाचं देणं असलं की मला जेवण जात न्हाय.

लग्न होऊन गडमुडशिंगीला आलो एकोणिसाव्या वर्षी. आमचं मालक, म्हंजे नवरा हो, ग्रामपंचायतीचं पाणी सोडत्यात. व्हॉल्व फिरवायचा, ह्या गल्लीला तासभर, त्या गल्लीला तासभर. पगार बेताचाच, पण उन्हाळ्यात गावात त्यांना सरपंचापेक्षा जास्त रामराम हुतोय. एक पोरगा, तो पुण्यात कंपनीत. घरात आमी दोघं आणि आत्ती, म्हंजे माझी सासू. आणि मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, चौदा वर्सं झाली. माल तपासायला हाय मी. ओतकाम होऊन, मशीनवर भोक पाडून माल आला की भोकात गेज, म्हंजे मापाची दांडी, घालून बघायचं, तिचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा न्हाय, एवढंच, पण केसाचा फरक असला तरी मला हाताला समजतंय. साहेब म्हणत्यात, छायाबाईंनी पास केलेला माल परत येत न्हाय. बघा म्हंजे, लोखंडातली केसभर चूक मला दिसती, आणि स्वतःच्या हातातला फोन दोन वर्सं वाचता आला न्हाय. ते सांगतोय की, दमा जरा.

आमचा बचत गट हाय. अकरा बायका. नऊ वर्सं झाली, पहिल्या दिवसापासनं अध्यक्ष मीच. दर शनिवारी अंगणवाडीत बसतो, शिल्लक टाकतो, कुणाला कर्ज पाहिजे असलं तर ठरवतो, शेकडा एक रुपाया व्याज महिन्याला, आणि महिन्याला एक असं चोवीस हप्त्यात फेडायचं. कुणाचं बी कर्ज असू दे, म्हशीचं, पोरीच्या फीचं, शिवणयंत्राचं, चोवीस म्हंजे चोवीस. हप्ता चुकला की पन्नास रुपये दंड. त्यात माझा हात कुणी धरायचा न्हाय. आणि जिचा चोविसावा हप्ता तिनं त्या दिवशी पेढं आणायचं, ही आमच्यात पद्धतच पडलीया. कर्ज फिटलं की तोंड गोड. नऊ वर्सांत आमच्या गटाचा एक रुपाया बुडाला न्हाय, तालुक्याच्या मॅडम येऊन टाळ्या वाजवून गेल्यात. मला लई अभिमान, खोटं कशाला बोलू.

तर झालं असं, की आत्ती पडली. आमचं न्हाणीघर आणि संडास परड्यात, मागच्या दारानं चार पायऱ्या उतरून जायचं, पायऱ्या दगडाच्या, शेवाळ धरलेल्या. आत्तीचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, ते बरं झालं, पण डॉक्टर म्हणालं, आता ह्यांना उकिडवं बसता यायचं न्हाय, पायऱ्या चढाय-उतरायच्या न्हाईत, घरातच कमोड बसवा. आत्ती म्हणाली, मी काय खुर्चीवर बसून परसाकडं जाऊ व्हय, मला लाज वाटती. मी म्हटलो, आत्ती, दुसऱ्यांदा पडलासा तर मग लाज बी वाटायची न्हाय. पण आत्तीनं काय केलं म्हाईत हाय? जेवायची बंद झाली. अर्धी भाकरी, घोटभर पाणी. का, तर जायला लागू नये म्हणून. ते बघितलं आणि म्हटलं, काय बी होऊ दे, घरात बाथरूम करायचं.

पैसे कुठनं आणायचं? गटात मागायचं तर त्या महिन्यात दोघींना कर्ज दिलेलं, तिसरीचा नंबर लांब, आणि अध्यक्षानंच रांग मोडायची म्हंजे झालंच की. पोराला सांगितलं असतं तर त्यानं पगार काढून पाठवला असता आणि स्वतः वडापाववर राहिला असता, म्हणून त्याला बी न्हाय सांगितलं. आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एका बँकेचा माणूस आला. टाय लावलेला, केस पिकलेलं, लई मायाळू बोलणं. म्हणाला, मॅडम, तुमचा पगार अकरा वर्सं वेळेवर जमा होतोय, तुमच्यासारख्या माणसालाच बँक कार्ड देती, काय तारण नको, जामीनदार नको, फुकट हाय. ताई, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलं बघा. आणि जामीनदार नको म्हणाला! आमच्या पतसंस्थेत दहा हजाराला दोन जामीनदार लागत्यात, त्यांच्या घरी चारदा चहाला जायला लागतंय. मला वाटलं, चांगलं वागल्याचं फळ मिळालं. सही करून मोकळी झालो.

कार्ड आलं पाकिटातनं. नवी वस्तू म्हणून मी देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू लावलं. मालक म्हणालं, अगं त्याला काय ओवाळतीस, मी म्हटलो, लक्ष्मीच हाय ती.

मग गवंडी आला. आता गवंड्याचं तुमाला ठाऊक हाय. आधी म्हणाला चाळीस-पंचेचाळीस हजारात बसवतो वैनी. भिंत फोडली, मग म्हणाला, वैनी, पाईप सगळी सडलीया, ही बदलली न्हाय तर नवीन बाथरूम गळणार. बदला म्हटलं. मग म्हणाला, बाथरूमला चकाचक फरशी आणि स्वयंपाकघरात उखडलेला कोबा, कसं दिसंल, पावणं काय म्हणतील, हात लावलाच हाय तर कट्टा बी करून घ्या, एकदाच धूळ. खरंच होतं त्याचं. मलाबी हौस आली, का खोटं बोलू, पंचवीस वर्सं वाकून स्वयंपाक केला, एक काळा कडाप्पाचा कट्टा आपल्याला बी असावा वाटलं. फरशीच्या दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला, कार्ड चालतंय की वैनी, घासा. घासलं. कमोड, नळ, गीझर, घासलं. गवंड्याची मजुरी तेवढी साठवलेल्या पैशातनं दिली. सगळं धरून कार्डावर एक लाख अठरा हजार झालं. पण ताई, बाथरूम काय झालं म्हणता! आत्ती पहिल्या दिवशी आत गेली, भिंतीची दांडी धरून बसली, बाहेर आली आणि म्हणाली, छाये, जेवाय वाढ. तवा मला वाटलं, एक लाख न्हाय, दोन लाख गेलं असतं तरी चाललं असतं.

महिना झाला आणि फोनवर मेसेज आला. सगळा इंग्रजीत. आकडे तेवढे समजले. वर मोठा आकडा, एक लाख अठरा हजार, आणि त्याच्या खाली बारका, पाच हजार नऊशे, आणि त्याच्या म्होरं लिवलेलं मिनिमम. आणि तारीख. मी त्या बँकेच्या नंबरवर फोन लावला, एक पोरगी बोलली, मी इचारलं, बाई, हे पाच हजार नऊशे भरलं की झालं न्हवं? ती म्हणाली, हो मॅम, मिनिमम भरलं की लेट फी लागणार नाही. मी म्हटलो, म्हंजे ह्या महिन्याचं माझं काम संपलं? हो मॅम. आता तुमीच सांगा, ह्यात ती खोटं काय बोलली? काय बी न्हाय. पण मी काय ऐकलं? मी ऐकलं, हप्ता. मिनिमम म्हंजे हप्ता, इंग्रजीत हप्त्याला मिनिमम म्हणत असतील. महिन्याच्या महिन्याला येतोय, ठरल्या तारखेला येतोय, चुकला तर दंड हाय, मग हप्ता न्हवं तर काय हो?

मी मनात गणित बी केलं. पाच हजार नऊशे, चोवीस महिने, एक लाख एक्केचाळीस हजार. म्हंजे वर तेवीस हजार व्याज. आपल्या गटापेक्षा जरा जास्त, पण बँक हाय, चालायचंच. आणि पुढच्या महिन्यात हप्ता आला पाच हजार साडेआठशे, मग पाच हजार आठशे, दर महिन्याला पन्नासभर रुपये कमीच. मी मालकांना म्हटलो, बघा, कर्ज फिटत चाललंय तसा हप्ता कमी करत्यात, किती प्रामाणिक माणसं. मालक म्हणालं, तुला समजतंय तेवढं मला न्हाय. आणि वरचा मोठा आकडा? तो मी बघायचोच न्हाय. त्याच्यावर अंगठा ठेवायचो आणि खालचा तेवढा वाचायचो. म्हटलं, तो मूळ कर्जाचा आकडा हाय, उगीच सारखं सारखं कशाला बघायचा.

दोन वर्सं ताई. एकदा बी चुकला न्हाय. तारखेच्या आदल्या दिवशी भरायचो. कंपनीतनं आल्यावर ब्लाउज शिवायला घेतले, दिवाळीला साडी घेतली न्हाय, पोराच्या साखरपुड्यात बी जुनीच नेसलो. आणि तेवीस झाले आणि चोविसावा आला. सकाळी भरला आणि देवापुढं साखर ठेवली. मग मला वाटलं, बँकेचं एवढं मोठं कर्ज फिटलं, ते बी बिनातारणाचं, आपली पद्धत आपण मोडायची न्हाय. अर्धी रजा टाकली, ठेवणीतली हिरवी साडी नेसलो, कोल्हापुरात उतरून अर्धा किलो कंदी पेढं घेतलं आणि बँकेत गेलो. म्हटलं, कार्ड परत करायचं, सही-शिक्का आणायचा, आणि तोंड गोड करायचं.

तिथं काउंटरला एक पोरगी होती, माझ्या पोराएवढी. मी म्हटलो, घे बाळ, पेढा घे, माझा शेवटचा हप्ता झाला. तिला बी बरं वाटलं, हसली, म्हणाली, मावशी, असं कुणी येत नाही हो, आणि पेढा तोंडात टाकला. म्हणाली, फोन द्या, बघू. फोन दिला. पेढा खात खात ती फोन बघाय लागली, मग कॉम्प्युटर बघाय लागली, आणि ताई, तिचं तोंड हलायचं थांबलं. पेढा गालात तसाच. माझ्याकडं बघितलं, परत कॉम्प्युटर बघितलं. मला वाटलं, पेढ्यात काय लागलं का काय हिला. मग तिनं पाणी पिलं आणि म्हणाली, मावशी, बसा जरा.

पंच्याण्णव हजार सातशे. एवढं अजून हाय म्हणाली. मी म्हटलो, न्हाय गं, ते दुसऱ्या कुणाचं असंल, छाया नावाच्या लई जणी हायत. ती म्हणाली, तुमचंच आहे मावशी. मी म्हटलो, अगं मी चोवीस भरलं, एक बी चुकलं न्हाय, बघ की. ती म्हणाली, दिसतंय मावशी, सगळे वेळेवर आहेत, एक लाख अठ्ठावीस हजार भरलेत तुम्ही. मी म्हटलो, घेतलं एक लाख अठरा, भरलं एक लाख अठ्ठावीस, आणि ऱ्हायलं पंच्याण्णव? हे कुठल्या शाळेतलं गणित? माझा आवाज तुमाला म्हाईतच हाय, अख्खी बँक वळून बघाय लागली.

मग तिनं समजावून सांगितलं, बिचारी तिच्या डोळ्यात पाणी होतं. मिनिमम म्हंजे हप्ता न्हवं मावशी. मिनिमम म्हंजे दंड लागू नये म्हणून कमीत कमी टाकायचं ते. फेडायचा असतो तो वरचा आकडा. वरचा सगळा भरला न्हाय तर महिन्याला शेकडा साडेतीन रुपये व्याज, वर सरकारचा कर. तुम्ही पाच हजार भरले की चार-साडेचार व्याजातच जायचे, मुद्दल हजार पण हालायचं न्हाय. आणि ह्याला चोवीस महिने असं काही नसतंय, असंच भरत राहिला असता तर तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत चाललं असतं. शेकडा साडेतीन! आमच्या गटात शेकडा दीड करूया म्हटलं होतं एकीनं, तर मी तिला सावकारीण म्हटलो होतो. लोखंड बघणारी बाई मी, चौदा वर्सं एक माल परत आला न्हाय, आणि माझा स्वतःचा माल सगळाच्या सगळा रिजेक्ट. पेढ्याचा बॉक्स मांडीवर घेऊन किती वेळ बसलो कुणास ठाऊक. शेवटी शिपाई येऊन म्हणाला, मावशी, जेवणाची सुट्टी झाली.

घरी आलो. आत्तीनं बॉक्स बघितला, म्हणाली, कशाचं पेढं गं? आणि मी तिथंच कट्ट्यापाशी खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो. मालक आले, त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं आता बोलणार, ओरडणार, एवढी शहाणी समजत होतीस म्हणणार. त्यांनी नुसती टोपी घातली आणि पाणी सोडायला गेलं. आणि ताई, मधल्या गल्लीचा व्हॉल्व उघडला आणि बंद करायचाच इसरलं. अडीच तास पाणी. लोकांनी टाक्या भरल्या, म्हशी धुतल्या, जीपगाड्या धुतल्या, आणि खालच्या गल्लीच्या बायका घागरी घेऊन पंचायतीवर. वीस वर्सांत पहिल्यांदा त्यांची चूक झाली. घरी आल्यावर एवढंच म्हणालं, छाया, तू चुकतीस असं मला कधी वाटलंच न्हवतं गं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आणि आत्ती. आत्तीनं परत जेवण कमी केलं. माझ्या एका बसण्यापायी लाख रुपये गेलं म्हणाली. मी म्हटलो, आत्ती, पैशाचं मी बघतो, पण तुमी उपाशी ऱ्हायलासा तर मी त्या कमोडावर हातोडा घालतो. तवा कुठं घास खाल्ला.

बँकेतल्या पोरीनं येताना सांगितलं होतं, मावशी, कुठनं बी कमी व्याजाचं कर्ज घ्या आणि हे एकदम बंद करा, रोज उशीर म्हंजे रोज व्याज. मालकांनी तालमीतली भिशी उचलली, पस्तीस हजार मिळालं. गाडी घ्यायची म्हणून ते दोन वर्सं त्यात टाकत होते, मला सांगितलं न्हवतं. उरलं साठ हजार. ते मिळायची एकच जागा, आमचा गट. आणि गटात मागायचं म्हंजे शनिवारी त्या दहा बायकांच्या पुढं सांगायचं, की तुमच्या अध्यक्षाला हप्ता कशाला म्हणत्यात ते समजलं न्हाय. ताई, त्यापेक्षा मला मरण बरं वाटत होतं. तालुक्याच्या मॅडमनी टाळ्या वाजवलेल्या मला. त्या आठवड्यात मी मनात शंभर वेळा ते बोलून बघितलं, प्रत्येक वेळी अर्ध्यातच अडकायचो.

शनिवार आला. एरवी मी बसून बोलतो, त्या दिवशी उभी ऱ्हायलो. सगळं सांगितलं. कॅन्टीन, मॅडम, घासलं, मिनिमम, चोवीस, पेढा. काय बी झाकलं न्हाय. बोलून झालं तरी कुणी बघंना माझ्याकडं.

मग रेश्मा बोलली. रेश्मा म्हंजे मुलाण्यांची सून, तिच्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान हाय. आता हिचं आणि माझं एक सांगायला पाहिजे तुमाला. वर्षापूर्वी तिची बारकी पोरगी दवाखान्यात होती, डेंग्यू झालता, आणि तिचा हप्ता एक दिवस उशिरा आला. सगळ्या म्हणाल्या, जाऊ दे अध्यक्ष. मी म्हटलो, आज पोरीचा ताप, उद्या म्हशीचा ताप, हप्ता म्हंजे हप्ता, आणि पन्नास रुपये दंड घेतला. तिनं बी लगेच काढून दिला, दवाखान्याच्या पिशवीतनं. त्यामुळं तिनं तोंड उघडल्यावर मी मान खाली घातली. म्हटलं, बोल बाई, तुझा हक्क हाय.

तर ती काय म्हणाली? बारीक आवाजात म्हणाली, अध्यक्ष, म्हंजे मिनिमम म्हंजे हप्ता न्हवं?

मला वाटलं टोमणा मारती. वर बघितलं तर तिचं तोंड पांढरं पडलेलं, कागदासारखं. उठली, माझ्यापुढं आली, पर्समधनं फोन काढला आणि माझ्या हातात दिला. चौदा महिने झाले म्हणाली. वेल्डिंगची मशीन घेतलती. आणि मी तो फोन बघतोय तोवर शोभा, आमच्या शेजारची, भिंतीला भिंत, ती म्हणाली, माझ्याकडं बी हाय, फ्रिज आणि पत्रे. आणि सारिकानं नुसता पदर तोंडाला लावला. अकरातल्या चौघी, ताई! चौघी हप्ता म्हणून मिनिमम भरालोय, तारखेच्या आत, एकीचा बी चुकला न्हाय. गट तसाच शिकवलेला न्हवं मी.

मी ओरडलो, अगं बायांनो, एवढं कर्ज काढताना एका शब्दानं मला इचारायचं न्हाय? तिघींनी मिळून बघितलं असतं तर एकीला तरी समजलं असतं की! मग शोभा म्हणाली, आणि ती काय रागानं न्हाय म्हणाली, अगदी साधं, दूध उतू गेलं म्हणावं तसं म्हणाली, तुमाला कसं सांगायचं वैनी, तुमची भीती वाटती.

बँकेत पंच्याण्णव हजार ऐकल्यावर बसला न्हाय एवढा धक्का मला त्या वाक्याचा बसला. सोळा वर्सांपासनची शेजारीण. माझ्या घरची आमटी तिच्या घरी जाती, तिच्या घरचं लोणचं माझ्या घरी. आणि तिला माझी भीती वाटती. मला वाटत होतं त्या मला मान देत्यात. मी खाली बसलो, आणि अध्यक्षाची वही शोभापुढं सरकवली, म्हटलं, आता तू बघ हे. तिनं परत सरकवली. म्हणाली, असं न्हाय म्हणत मी.

त्याच दिवशी साठ हजार मंजूर झालं, पहिला हात रेश्मानं वर केला. माझं कार्ड बंद झालं, बाकी काय न्हाय म्हणून बँकेचं पत्र आलंय, ते मराठीत मागून घेतलं मी, भांडून. बाकी तिघींचं बी एक-एक करून मार्गी लावालोय, सारिकाचं लई हाय, तिला वर्ष-दीड वर्ष लागंल. बँकेतल्या त्याच पोरीला एका शनिवारी बोलावलं, आली बिचारी एसटीनं, सगळ्यांचे मेसेज वरपासनं खालपर्यंत वाचून दाखवले. गटाचे माझे आता सात हप्ते गेले, सतरा ऱ्हायले. पोराला अजून सांगितलं न्हाय, तुमचं हे छापून आलं की वाचंल आणि फोन करून बोलंल मला, बोलू दे. आत्ती बरी हाय, रोज सकाळी अर्धा तास आत बसती, दार वाजवायला लागतंय.

आणि दंडाचं म्हणाल तर नियम काढला न्हाय, नियम पाहिजे, न्हायतर गट बुडंल. पण परवाच्या शनिवारी सारिका आली, हप्ता आणला न्हवता, दारातच उभी ऱ्हायली चप्पल न काढता. पूर्वी मी तिथनंच इचारलं असतं, हप्ता कुठं हाय. परवा मी म्हटलो, ये गं, आत ये, आधी बस. काय झालंय ते सांग. तर ती दारातनंच म्हणाली, वैनी, तुमी असं मऊ बोलला की मला जास्तच भीती वाटती हो. सगळ्या हसल्या. मी बी हसलो. पण घरी जाताना वाटलं, एवढ्या वर्सांची भीती, ती काय चोवीस महिन्यात फिटती व्हय. भरत ऱ्हायचं. जावा आता ताई, ऊन व्हायच्या आत, तुमची लेकरंबाळं सुखात ऱ्हावू देत, आणि कुणाचं काय देणं असलं तर घरी जाऊन आधी वरचा आकडा बघा.